खाचेची दुसरी बाजू

तोकिए शिओबारा आमच्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा आल्या त्या दिवशी अकागीच्या डोंगरावरून असा कोरडा वारा सुटला होता, की त्यांनी भिंतीला टेकवलेली सायकल लगेच आडवी झाली. त्यांनी ती उचलून पुन्हा टेकवली. ती पुन्हा पडली. मग त्यांनी तिला तशीच सोडली, आत आल्या आणि डोक्याचा रुमाल सोडत म्हणाल्या, "तिला झोपायचंच असेल तर झोपू दे. मी कामासाठी आलेय."

साल १९८९. किर्यू गावातल्या ज्या गिरणीत त्यांनी तेवीस वर्षं ओबी विणले, म्हणजे किमोनोवर बांधायचे ते रुंद जरीचे पट्टे, ती गिरणी नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर उघडलीच नव्हती. तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. आमचं वर्कशॉप नदीच्या पलीकडे. सातजण मिळून आम्ही शर्यतीच्या गाड्यांचे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल बांधायचो. सात म्हणजे मालक कोगुरे आणि पुढे या बाईही धरून.

"गाडीतलं काय येतं?" मालकांनी विचारलं.

"काही नाही. मला चालवताही येत नाही."

"मग इथे कशाला आलात?"

"बाहेरच्या पाटीवर लिहिलंय, हाताला वळण असलेला माणूस पाहिजे."

"माणूस लिहिलंय ना?"

"मग मी काय मांजर आहे?"

मालक हसले नाहीत, पण मागे गिअर धुणारे आम्ही सगळे हसलो, आणि मला वाटतं त्या हसण्यावरच त्यांना नोकरी मिळाली. आमच्या भागात बायका तशाही कुणाचं ऐकत नाहीत. माग त्यांनी चालवले, घरात पैसा त्यांनी आणला, त्यामुळे आवाजही त्यांचाच. शिओबारा आडनावाची माणसं गावात ढिगानं, म्हणून सगळे त्यांना नावानंच, आदराचा 'सान' जोडून, तोकिए-सान म्हणू लागले. मी मोगी. गिअरबॉक्सच्या टेबलावर असायचो, त्यांच्या टेबलापासून चार पावलांवर, आणि चोवीस वर्षं तिथेच राहिलो. त्यामुळे जे सांगतोय ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पहिले तीन महिने त्यांना एकच काम होतं, उघडलेल्या डिफरन्शियलमधल्या प्लेटा रॉकेलमध्ये धुवायच्या, पुसायच्या आणि जाडीप्रमाणे लावून ठेवायच्या. प्लेट म्हणजे हाताच्या पंजाएवढी पोलादी चकती, मध्ये भोक असलेली. वापरून वापरून ती झिजते, आणि केसभर झिजली तरी सगळं गणित बिघडतं. जाडी मोजायला मायक्रोमीटर होता. एक दिवस मालकांनी पाहिलं, तर तोकिए-सान मायक्रोमीटर बाजूला ठेवून नुसत्या चिमटीत धरून प्लेटा वेगळ्या करत होत्या.

"हे काय चाललंय?"

"लावतेय."

"मोजून लावायच्या असतात. हे काय तांदूळ निवडणं आहे?"

"मोजा की मग तुम्ही," त्या म्हणाल्या आणि चार ढीग त्यांच्यापुढे सरकवले.

मालकांनी चाळीस प्लेटा मोजल्या. एक चुकली होती. ती त्यांनी दुसऱ्यांदा मोजली तेव्हा मायक्रोमीटरच्या तोंडाला रॉकेलचा थेंब लागला होता असं निघालं. त्यांनी मायक्रोमीटर पुसून पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी धुण्याचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि तोकिए-सानना टेबल, वस्तू आवळून धरायचा शेगडा आणि अवजारांचा खण मिळाला.

कशासाठी वापरतात हे माहीत नसताना त्या डिफरन्शियल बांधत होत्या. एकदा दुपारी आम्ही उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, खात बसलो होतो, आमच्याकडचा तो बोटभर नव्हे, चांगला हातरुमालाएवढा रुंद उदोन, आणि त्यांनी विचारलं, "मोगी-सान, हे नक्की करतं काय?"

"ऑगस्टच्या जत्रेत देवाची पालखी कोपऱ्यावर वळते ते आठवा," मी म्हणालो. "बाहेरच्या बाजूचे खांदेकरी काय करतात?"

"धावतात."

"आणि आतले?"

"जागच्या जागी पाय आपटतात."

"दोघांनाही सारख्याच वेगानं चालायला लावलं तर?"

"पालखी तांदळाच्या दुकानात घुसेल. एका वर्षी घुसली होती."

"बस. गाडीची दोन चाकं म्हणजे ते खांदेकरी. वळताना बाहेरच्याला जास्त अंतर, आतल्याला कमी. इंजिन एक, चाकं दोन, तरी ज्याला त्याला आपापल्या चालीनं फिरू द्यायचं. तेवढ्यासाठी डिफरन्शियल."

त्यांनी उदोनची एक पट्टी संपवली. "मग प्लेटा कशाला?"

"त्याची एक खोड आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटतं. एका चाकाखाली सुटी खडी आली, ते घसरायला लागलं, की त्याला जेवढा पेलतो तेवढाच जोर दुसऱ्यालाही मिळतो. घसरणारं गरगर फिरतं आणि चांगल्या जमिनीवरचं नुसतं बघत बसतं."

"माझ्या दिरांच्या घरासारखं," त्या म्हणाल्या. "एकानं अंग काढून घेतलं की दुसराही हात बांधून बसतो."

इतकी नेमकी उपमा मला वीस वर्षांत सुचली नव्हती. मी सांगितलं की प्लेटा म्हणजे घरातली सासू. त्या आवळल्या की दोघांना एकत्र बांधतात, मग घसरणाऱ्याच्या नादी लागून सगळी ताकद वाया जात नाही. आणि आपल्या ज्या गाड्या, चारही चाकांना ताकद जाते त्या, त्यांच्यात हे तीन ठिकाणी असतं. पुढच्या जोडीत एक, मागच्या जोडीत एक, आणि पुढच्या-मागच्यांच्या मध्ये तिसरं, कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त चालतात.

"मग सगळ्या घट्ट आवळून टाका."

"मग गाडी वळणार नाही. नाक सरळच धरून बसेल."

"सैल ठेवा."

"मग जोर गळून जाईल."

"किती घट्ट, ते कोण ठरवतं?"

"त्याचेच तर लोक आपल्याला पैसे देतात," मी म्हणालो.

त्या दिवसापासून त्यांचे प्रश्न थांबले नाहीत. गाडी कुणाची, डांबरावर पळते की खडीवर, माणूस तापट आहे की थंड. आम्हांला हसू यायचं. पण एक-दोन वर्षांत असं झालं, की ग्राहक आपली गाडी घेऊन यायचे ते थेट त्यांच्या टेबलाशी जाऊन उभे राहायचे, डॉक्टरकडे गेल्यासारखे.

त्या खाचा वाचायच्या. ते जरा सांगावं लागेल. डिफरन्शियलच्या पोटात दोन पोलादी कड्या समोरासमोर बसतात. दोन्ही कड्यांच्या काठावर दोन उतारांच्या खाचा असतात आणि खाचांमध्ये एक आडवी दांडी. चालवणाऱ्यानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दांडी खाचेच्या एका उतारावर चढते, कड्यांना दूर लोटते आणि प्लेटा आवळल्या जातात. पाय उचलला की तीच दांडी दुसऱ्या उतारावर चढते आणि पुन्हा प्लेटा आवळते. प्रत्येक चढण्याचा मागे घासल्याचा डाग राहतो. तोकिए-सान कडी खिडकीशी धरायच्या, अंगठा फिरवायच्या आणि सांगायच्या, हा माणूस घाबरत दाबतो, हा लाथ मारतो, हा वळणात दोनदा मन बदलतो.

एकदा गावातल्या औषधवाल्याची गाडी आली होती. त्या म्हणाल्या, "ही गाडी दोघं चालवतात."

"छे, मी एकटाच," औषधवाला म्हणाला.

"एकाचा पाय मऊ आहे. दुसऱ्याला कसली तरी घाई आहे. घाईवाला जास्त चांगला चालवतो."

आठवड्यानं कळलं की त्याची बायको दर रविवारी तो दुकानात असताना गाडी काढून अकागीच्या घाटात जात होती. पुढच्या वेळी तीच आली, नवऱ्याला सोबत न घेता, आणि म्हणाली, "माझ्यासाठी बांधा." ते डिफरन्शियल तोकिए-साननी फार मन लावून बांधलं.

घरी त्यांचे यजमान शिगेओ. ते त्याच गिरणीत माग दुरुस्त करायचे. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आपण मोटारीच्या धंद्याला हात लावणार नाही, आणि मग कुठल्याच धंद्याला लावला नाही. घर झाडायचे, स्वयंपाक करायचे, आणि तोकिए-सान घरी आल्या की त्यांच्या हाताचा वास घेऊन नाक मुरडायचे. मी एकदा जेवायला गेलो होतो तेव्हा म्हणाले, "मोगी-सान, तुमच्या त्या तेलानं माझ्या बायकोचा भातसुद्धा बेअरिंगसारखा लागतो."

"भात तू शिजवलायस," तोकिए-सान म्हणाल्या.

"हात तुझा लागला ना वाढताना."

असं त्यांचं चालायचं.

नेगिशी कोहेई आमच्याकडे आला १९९३ मध्ये. शिमोनिताच्या, कोन्याकू नावाचा कंद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, वय पंचवीस, आवाज मोठा, मन मोकळं. मोकळ्या खडीच्या मैदानावर आखलेल्या रस्त्यानं एकट्यानं गाडी पळवायची आणि घड्याळाशी झुंजायचं, या प्रकारच्या शर्यती तो करायचा. दोन फेऱ्या मिळतात, त्यातली चांगली धरतात. चुकायला जागा नाही. तोकिए-साननी त्याचं मागचं डिफरन्शियल बांधलं, दोन्ही उतार सारखे ठेवून, म्हणजे दाबला तरी आवळणार, उचलला तरी आवळणार. शूर माणसाला तेच चालतं, कारण शूर माणूस वळणाच्या आधीच गाडी आडवी करतो आणि मग पाय उचलतच नाही. पहिल्या शर्यतीनंतर तो धावत आत आला.

"काकू, गाडीला कमरेत हाडच नव्हतं, ते आता आलं!"

"पाय पुसून ये," तोकिए-सान म्हणाल्या. पण दिवसभर खूश होत्या.

पंच्याण्णव साली तो आमच्या विभागात पहिला आला. मालकांनी त्याचा फोटो भिंतीवर लावला. दर थंडीत तो घरच्या कोन्याकूची पेटी आणायचा, आम्ही सातजण ती वाटून घ्यायचो.

पुढच्या वर्षी वसंतात काहीतरी बिघडलं. पहिल्या शर्यतीत तो सातवा आला, दुसरीत बारावा. मे महिन्यात तिसऱ्या शर्यतीत एका उजव्या वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ गेली, बांधावरून खाली उतरली आणि कुशीवर पडली. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. आणखी कुणाला काही झालं नाही.

चार दिवसांनी तो हात गळ्यात बांधून वर्कशॉपमध्ये आला. मालकांबरोबर तिघे ग्राहक चहा पीत बसले होते. तो त्यांच्यासमोरच म्हणाला, "मागचं डिफरन्शियल जाम झालं. गाडीनं ऐकलंच नाही. माझ्याकडून काही चूक नव्हती."

मालकांनी कप खाली ठेवला. माझं लक्ष तोकिए-सानकडे गेलं. त्या हातातला पाना पुसत होत्या, तो पुसून झाला होता तरी पुसत होत्या.

"गाडी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"बाहेर, ट्रकवर."

"मग ते काढू दे. बघते."

तो त्यांच्याकडे न बघता निघून गेला. असं कधी झालं नव्हतं. पूर्वी निघताना त्यांच्या टेबलावरची एक तरी खाऱ्या बिस्किटाची चकती उचलल्याशिवाय तो जायचा नाही.

डिफरन्शियल मीच काढून दिलं. त्यांनी ते उघडलं, प्लेटा एकेक करून स्वच्छ कापडावर मांडल्या. जळलेली एकही नव्हती. रंग बदललेला नाही, कुठे चिकटलेलं नाही. जाम झालेलं डिफरन्शियल असं नसतं. मग त्यांनी कड्या खिडकीशी नेल्या आणि फार वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मी जवळ गेलो.

"बघा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

दाबण्याच्या उतारावर नेहमीसारखा डाग होता. पण दुसरा उतार, पाय उचलण्याचा, तो आरशासारखा चमकत होता. गेल्या वर्षी त्याच उतारावर काही म्हणता काही नव्हतं.

मला समजलं. वळणाच्या मध्यावर, जोर द्यायच्या जागी, तो पाय उचलत होता. एकदा नव्हे, शेकडो वेळा. पाय उचलला की प्लेटा आवळल्या जातात, मागची दोन्ही चाकं एकाच चालीची होतात, आणि एकाच चालीच्या चाकांना सरळच जायचं असतं.

"मालकांना सांगू या," मी म्हणालो.

"काय सांगणार? कोहेई घाबरतोय असं? त्या तिघांसमोर बोललाय तो. आता हे तिघांच्या कानावर गेलं की त्यानं तोंड कुठे लपवायचं?"

"आणि तुमचं तोंड?"

"माझं राहू दे. मला कुठे शर्यत करायचीय?"

पण गोष्ट राहिली नाही. खडीच्या शर्यतीचं जग लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. जूनमध्ये दोघांनी आपली कामं दुसरीकडे नेली. मालक हैराण झाले. एक दिवस त्यांनी तोकिए-सानना बोलावलं आणि म्हणाले, "माफीची चिठ्ठी लिहू, नवं डिफरन्शियल बांधून देऊ, विषय संपवू."

"कशाबद्दल माफी?"

"झालं त्याबद्दल."

"काय झालं?"

"तोकिए-सान, आढेवेढे घेऊ नका. तुमच्या कामात खोट होती का?"

"नव्हती."

"मग काय होतं?"

"ते मी सांगण्यासारखं नाही," त्या म्हणाल्या. "त्याचं हाड जुळलं की मला त्याच्या गाडीत बसवा. मग चिठ्ठी लिहायची की नाही ते सांगते."

मालकांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. ज्या बाईनं सात वर्षांत गाडीत बसून आम्हांला कधी स्टेशनपर्यंतही सोडू दिलं नव्हतं, तिला शर्यतीच्या गाडीत बसायचं होतं. त्यांनी कोहेईला फोन केला. तो आधी नाही म्हणाला. मग त्याच्या वडलांनी फोन घेतला आणि म्हणाले, "येईल."

जुलैच्या शेवटी एका सोमवारी, गाडी जिथे पडली होती ते मैदान रिकामं होतं तेव्हा आम्ही तिघे गेलो. मी डिफरन्शियल परत बसवून दिलं होतं, जसं होतं तसंच, एक प्लेटही न बदलता. तोकिए-सानना दिलेलं हेल्मेट मोठं होतं, त्यांनी आत रुमाल बांधला. पट्टे मी आवळले. त्या समोर बघत म्हणाल्या, "सैल नको."

मी बांधावर उभा राहिलो. गाडी सुटली, खडी उडाली, पहिल्या दोन वळणांवर ती पूर्वीसारखी सुंदर आडवी झाली. मग ते उजवं वळण आलं. तिथे झुडपं उंच आहेत, पलीकडचं काही दिसत नाही. इंजिनचा आवाज तिथे तुटला. अगदी क्षणभर. आणि गाडीचं नाक बाहेर बाहेर जायला लागलं, तो ब्रेक मारून कसाबसा वळला. तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा तिथेच आवाज तुटला.

गाडी थांबली. तोकिए-सान उतरल्या आणि सरळ गवतावर बसल्या. तोंड पांढरं पडलं होतं. मी थर्मासमधला जवाचा थंडगार चहा ओतून दिला. त्यांनी दोन घोट घेतले.

"मोगी-सान, इतकी वर्षं तुम्ही मला हे सांगितलं नाहीत."

"काय?"

"की पोट मागेच राहतं."

कोहेई हसला. बऱ्याच महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिलं. मग तोकिए-साननी हेल्मेट काढलं, रुमाल घडी केला आणि म्हणाल्या, "कोहेई, बस इथे. त्या झुडपांपाशी तुझा गुडघा वर येतो."

"नाही येत."

"तिन्ही वेळा आला. मी रस्त्याकडे बघितलंच नाही, बघितलं असतं तर मेले असते. मी तुझ्या गुडघ्याकडे बघत होते."

तो उभाच राहिला. लाल झाला होता. मला वाटलं आता तो ओरडेल. पण तो बसला, खडीतला एक दगड उचलून या हातातून त्या हातात करत राहिला.

"मोगी-सान आहेत म्हणून बोलत नाहीस का? जायला सांगू त्यांना?"

"असू देत," तो म्हणाला. आणि सांगायला लागला.

गेल्या नोव्हेंबरात, शर्यतीचे दिवस संपल्यावर, इथेच सरावाचा दिवस होता. बघायला चार-दोनच माणसं. झुडपांच्या त्या वळणावर त्याची गाडी जरा जास्त घसरली, कडेला बांधलेली टेप तोडून बाहेर गेली आणि थांबली. काच खाली केली तर समोर दोन हातांवर घडीच्या स्टुलावर एक म्हातारा बसला होता. हातात अर्धा खाल्लेला भाताचा गोळा. टोपीवर धूळ.

"मला वाटलं तो शिव्या देईल," कोहेई म्हणाला. "तर तो उठला, टोपी काढली आणि मलाच म्हणाला, माफ करा हं, मी टेपच्या फार जवळ बसलो होतो. आणि स्टूल उचलून जरा मागे नेऊन बसला. पुन्हा भात खायला लागला."

"मग?"

"मग काही नाही. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. कुणाला सांगितलं नाही. पण पलीकडचं दिसत नसलं की मला तिथे तो बसलेला दिसतो. पायाला कळायच्या आत पाय उचललेला असतो."

वारा नव्हता त्या दिवशी. दूर कुठेतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. तोकिए-सान उघडलेल्या प्रत्येक कडीचा फोटो काढून ठेवायच्या. त्यांनी फडक्यात बांधून आणलेला गेल्या वर्षीच्या कडीचा फोटो आणि आत्ताचा, दोन्ही त्याच्या पुढे ठेवले. त्यानं दोन्ही बराच वेळ पाहिले.

"तुम्हांला मेपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"तू बोललास तेवढं पुरे होतं."

त्यावर त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "मी सोडून देतो हे सगळं. घाबरणाऱ्या माणसानं गाडी कशाला चालवायची?"

"समोर माणूस बसलेला असेल असं वाटून पाय उचलतोस, त्यात वाईट काय आहे?" तोकिए-सान जरा चिडूनच म्हणाल्या. "न उचलणाऱ्यांचीच मला भीती वाटते. उचल की पाय. पण तुझं डिफरन्शियल बांधलंय न उचलणाऱ्याचं. मी दुसऱ्या कड्या घालते. उचलण्याच्या बाजूचा उतार जवळजवळ उभा असलेल्या. दांडी त्यावर चढणारच नाही, प्लेटा सैल राहतील, गाडी वळेल. दाबलास की पूर्वीसारखीच आवळेल."

"वेळ जाईल त्यात. पहिला नंबर नाही येणार."

"नाही येणार," त्या म्हणाल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही.

तो उठला, गाडीभोवती एक फेरी मारली, परत आला. "घाला," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर्कशॉपमध्ये आला. त्यानं मुद्दाम ते तिघे ग्राहक असतील अशी वेळ धरली होती, तिघांपैकी दोघे होते. मालकांपुढे उभा राहिला, कमरेत पूर्ण वाकला आणि म्हणाला, "डिफरन्शियल ठीक होतं. पाय मी उचलला होता. मी खोटं बोललो." म्हाताऱ्याची गोष्ट त्यानं सांगितली नाही, आम्हीही नाही. मग तो तोकिए-सानपुढे वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"पुरे," त्या म्हणाल्या. "हाड नवं आहे अजून. बिस्किट खा."

मालकांनी संध्याकाळी त्यांना गाठलं. "हे मला आधी सांगता आलं नसतं? दोन ग्राहक गेले माझे."

"येतील परत."

"आणि नाही आले तर?"

"मग त्यांना गुडघ्याकडे बघणारं कुणी तरी मिळालं असेल," त्या म्हणाल्या आणि सायकल काढायला गेल्या. दोघांपैकी एक परत आला. दुसरा नाही आला.

नव्या कड्या घालून कोहेई सप्टेंबरच्या शर्यतीत नववा आला. झुडपांच्या वळणावर आवाज तुटला, नाक आत वळलं, आवाज पुन्हा उठला. मी घड्याळात बघितलं, गेल्या वर्षीपेक्षा सेकंदभर जास्त. त्यानंतर तो आणखी पाच वर्षं चालवत होता. पहिला कधी आला नाही, एकदा चौथा आला. लग्न झालं, वडील थकले, शेत त्याच्या अंगावर आलं, तेव्हा त्यानं गाडी विकली. पण शर्यतीच्या दिवशी तो अजून जातो, नारिंगी जाकीट घालून टेपशी उभा राहतो आणि लोकांना मागे सरायला सांगतो. आवाज मोठा आहे, त्याचा उपयोग होतो.

आमच्या धंद्याचे दिवस मात्र पालटले. नव्या गाड्यांमध्ये किती आवळायचं ते संगणक ठरवायला लागला. चाकाजवळ बसवलेली यंत्रं सेकंदाला शेकडो वेळा मोजतात आणि मधलं डिफरन्शियल स्वतःच घट्ट-सैल होतं. एका कंपनीचे तीन तरुण इंजिनिअर एकदा तोकिए-सानना भेटायला आले, वह्या घेऊन. अर्धा दिवस बसले. जाताना एकानं विचारलं, "तुम्ही हे सगळं कसं मोजता?"

"मोजत नाही. ज्याची गाडी आहे त्याला काय हवंय ते विचारते, आणि मग कडीला विचारते. दोघांचं जुळलं नाही तर कडीचं ऐकते."

त्यानं ते लिहून घेतलं. त्याचं त्यांनी पुढे काय केलं, मला माहीत नाही.

सातांचे आम्ही तिघे उरलो. २०१३ मध्ये, सहासष्टाव्या वर्षी, तोकिए-साननी टेबल पुसलं आणि अवजारांचा खण माझ्या स्वाधीन केला. मालकांनी आणि आम्ही मिळून त्यांना आणि शिगेओ-सानना उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचा चार दिवसांचा प्रवास भेट दिला. खेकडे, गरम पाण्याचे झरे, विमानाचं जाणं-येणं. दोघंही कधी विमानात बसले नव्हते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारावर थाप पडली. तोकिए-सान उभ्या होत्या, हातात खेकड्यांची पेटी.

"अहो, उद्या येणार होता ना तुम्ही?"

"शिगेओला तिथला भात आवडला नाही."

"चार दिवसांचे पैसे भरले होते!"

"मी सांगितलं त्याला. तर म्हणतो, यात तेलाचा वासच नाही." त्यांनी पेटी माझ्या बायकोच्या हातात दिली आणि चपला काढल्या. "चहा ठेवा. तीन दिवस फक्त त्याच्याशी बोलतेय, जरा दुसऱ्या कुणाशी तरी बोलू दे."